लहान उद्योग आणि परदेशची बाजारपेठ : निपाणी-बेळगाव परिसरातील चपलेचा धडा

निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणी आणि बेळगाव या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या तयार होणारी चामड्याची चप्पल जगभर 'कोल्हापुरी' या नावाने ओळखली जाते, हे सर्वश्रुत आहे. कोल्हापूर ही या मालाची मोठी पेठ आणि निपाणीपासून ती हाकेच्या अंतरावर. तेव्हा मालाला पेठेचे नाव मिळावे, यात नवल नाही. चपलेच्या 'कापशी' या प्रसिद्ध प्रकाराला ज्या गावाचे नाव मिळाले, ते कापशी गावही निपाणीपासून फार दूर नाही. दोन राज्यांची हद्द मध्ये असली, तरी रापी आणि आरी धरणारे हात दोन्हीकडे सारखेच आहेत.

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात 'प्राडा' या प्रख्यात कंपनीने पुढील वर्षाच्या उन्हाळ्यासाठी पुरुषांचे पोशाख सादर केले. त्या वेळी पोशाख मिरवणाऱ्या काही तरुणांच्या पायांत जी पादत्राणे होती, ती आपल्या भागातील कोणाही शाळकरी मुलाने तत्काळ ओळखली असती. कंपनीने मात्र त्यांचे वर्णन केवळ 'चामड्याचे सँडल' एवढेच केले होते. यावर भारतात बरीच टीका झाली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिले, आणि या पादत्राणांची प्रेरणा भारतीय हस्तव्यवसायातून घेतली असल्याचे कंपनीने मान्य केले. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकाचे डॉ. बाबू जगजीवनराम चर्मोद्योग विकास महामंडळ यांच्याशी कंपनीने करार केला. महाराष्ट्रात व कर्नाटकात सुमारे २,००० जोड तयार करून घ्यावयाचे आणि ते जगभरातील ४० दुकानांतून प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना विकावयाचे, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले.

८०० युरो म्हणजे त्या वेळच्या दराने ८० हजार रुपयांहून अधिक. हा आकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु निपाणीच्या कारागिराने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. आपल्या हातचा माल परदेशी जाणे आणि आपला उद्योग परदेशी जाणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? त्या एक नाहीत. माल दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या कागदावर आणि दुसऱ्याच्या पेटीतून कितीही वेळा समुद्रापार जाऊ शकतो. कारागिराला मात्र जोडामागची ठरलेली मजुरीच मिळते. उद्योग परदेशी जाण्यासाठी काय लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परदेशी जाण्याच्या वाटा

लहान उद्योग परदेशी बाजारपेठेत कसे शिरतात, याचा अभ्यास जगात अनेकांनी केला आहे. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधक यान योहानसन व यान-एरिक वाल्ने यांनी १९७७ मध्ये एक विचार मांडला. उद्योग प्रथम घरच्या बाजारात स्थिरावतो, मग भाषेने व चालीरीतींनी जवळच्या देशात थोडा माल पाठवतो, तेथील अनुभव गाठीशी बांधतो आणि मगच दूरच्या देशाकडे वळतो, असे त्यांचे म्हणणे होते. थोडक्यात, पायरी-पायरीने जाण्याची ही वाट होय. पुढे १९९४ मध्ये ओव्हियट व मॅकडूगल या अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले की, काही नवे उद्योग ही पायरी पाळीतच नाहीत. ते स्थापन होतात तेच मुळी परदेशी ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून. अशा उद्योगांपाशी भांडवल थोडे असते. पण दुसऱ्यापाशी नसलेली एखादी विद्या, एखादा माल किंवा एखादी ओळख असते.

आपल्या परिसरात या दोन्ही वाटा पाहावयास मिळतात. बेळगावच्या उद्यमबाग भागातील ओतकाम कारखाने व यंत्रशाळा या पहिल्या वाटेने वाढल्या. आधी देशातील पंप, मोटारी व यंत्रे यांचे सुटे भाग, आणि हात बसल्यावर परदेशचे काम, असा त्यांचा क्रम राहिला. निपाणीहून बेळगावकडे जाताना महामार्गालगत हुक्केरी तालुक्यातील हत्तरगी लागते. तेथील विशेष आर्थिक क्षेत्र २००९ मध्ये सुरू झाले. विमानांचे सुटे भाग तेथे तयार होतात आणि एअरबस व बोइंग यांसारख्या विमान कंपन्यांच्या पुरवठा साखळीत जातात. ज्या मालाचा ग्राहक प्रारंभापासूनच समुद्रापार आहे, अशा उद्योगाचे हे ठळक उदाहरण होय.

चपलेचा उद्योग या दोहोंच्या मध्ये उभा आहे. कसब शतकांचे, पण उद्योग म्हणून नोंद, हिशेब आणि नाव पाहू गेल्यास तो आज जन्मलेल्या बालकासारखा. म्हणून त्याला नव्या उद्योगाचेच नियम लावून पाहिले पाहिजे.

दुसरा जोड पहिल्यासारखा

परदेशी ग्राहक पहिला जोड पाहून प्रसन्न होतो. परंतु व्यापार ठरतो तो दुसऱ्या जोडावर. नमुना म्हणून पाठवलेली चप्पल आणि मागाहून आलेले पाचशे जोड यांत फरक पडला, की तो ग्राहक परत येत नाही. हाताच्या कामात थोडा फरक हा गुण मानला जातो, हे खरे. पण तो वेणीच्या वळणात असावा, मापात असू नये.

मापाचेच उदाहरण घेऊ. युरोपातील बहुतेक देशांत पादत्राणाच्या एका नंबरात व पुढच्या नंबरात दोनतृतीयांश सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटरचे अंतर असते. इंग्लंडच्या पद्धतीत हेच अंतर एकतृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर इतके असते. युरोपचा ४२ नंबर म्हणजे २८ सेंटिमीटर लांबीचा साचा. कारागिराने नुसत्या नजरेने तळ कापला आणि चार-पाच मिलिमीटरचा फरक पडला, तर आपल्या बाजारात गिऱ्हाईक चप्पल पायात घालून पाहते व जमेल तो जोड घेऊन जाते. पॅरिसमध्ये घरबसल्या नंबर सांगून मागवलेली चप्पल मात्र सरळ परत येते. म्हणून पत्र्याचे कापण्याचे नमुने, लाकडी किंवा प्लॅस्टिकचे साचे आणि तळाच्या जाडीचे मोजमाप यांवर केलेला खर्च हाच निर्यातीवरचा पहिला खर्च समजावा.

आता संख्येचा विचार करू. समजा, पाचशे जोडांची मागणी आली आणि चाळीस कामाच्या दिवसांत माल द्यावयाचा आहे. एका घरात दिवसाला तीन जोड होतात असे धरल्यास चाळीस दिवसांत १२० जोड होतील. चार घरांचे ४८० होतात. म्हणजे पाच घरे लागतील. त्यांतही आजारपण, सण व लग्नकार्य धरून सहावे घर हाताशी ठेवणे शहाणपणाचे. या सहाही घरांत तळ एका जाडीचा, पट्टा एका रुंदीचा आणि रंग एका छटेचा निघाला पाहिजे. येथे एकट्या कारागिराचे कौशल्य अपुरे पडते आणि संघटनेची गरज सुरू होते.

चामड्याची परीक्षा

या मालाचे एक बलस्थान असे आहे की, त्याची पुरेशी कल्पना खुद्द कारागिरांनाही नसते. पारंपरिक पद्धतीत कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढले जातात. नंतर कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीची साल व हिरडा यांचा काढा भरतात आणि ती पिशवी टांगून ठेवतात. काढा झिरपत राहतो व कातडे कमावले जाते. यात क्रोमचे क्षार वापरले जात नाहीत. युरोपीय संघाने १ मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत षड्‌संयुजी क्रोमियमचे प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी असले पाहिजे, असा नियम लागू केला आहे. क्रोमने कमावलेल्या चामड्याला या परीक्षेची धास्ती असते. बाभूळ-हिरड्याच्या चामड्याला ती नसावी.

परंतु येथेच सावध राहणे आवश्यक आहे. तळ गावच्या चामड्याचा आणि पट्टा किंवा अस्तर बाहेरून आणलेल्या क्रोमच्या चामड्याचे, असे झाले की सगळा जोड परीक्षेत नापास होऊ शकतो. रंगाचेही तसेच, काही अझो रंगांना युरोपात बंदी आहे. पावसाळी हवेत चामड्याला बुरशी येऊ नये म्हणून पेटीत पुड्या ठेवण्याची प्रथा आहे. अशा पुड्यांत पूर्वी वापरले जाणारे डायमिथाइल फ्युमरेट हे द्रव्य त्वचेला इजा करते असे आढळल्याने २००९ मध्ये युरोपीय संघाने त्यावर बंदी घातली. पाच रुपयांच्या पुडीपायी पाच लाखांचा माल बंदरात अडकू शकतो, ही गोष्ट प्रत्येक गटप्रमुखाने ध्यानात ठेवावी. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था या विषयातील परीक्षण व मार्गदर्शन करते.

ऋतूचे गणित

कोल्हापुरी चप्पल ही उन्हाळ्यात घालावयाची वस्तू. युरोप व अमेरिकेचा उन्हाळा जूनपासून असला, तरी तेथील दुकाने फेब्रुवारी-मार्चमध्येच माल भरतात. म्हणजे तो माल दिवाळीच्या आसपास कामाला घेऊन संक्रांतीच्या सुमारास बाहेर पडला पाहिजे. सुदैवाने हा आपला कोरडा हंगाम. चामडे सुकते, हवा अनुकूल असते. ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा मात्र डिसेंबरमध्ये सुरू होतो. त्यासाठी माल भर पावसाळ्यात करावा लागेल. बंदिस्त, हवेशीर सुकवणीची सोय असल्याशिवाय ती मागणी स्वीकारणे म्हणजे दिलेला शब्द मोडण्याची तयारी ठेवणे होय. कोणत्या देशाला 'हो' म्हणावयाचे, हे ठरवताना नकाशाबरोबर पंचांगही पाहावे.

नाव आपले, कागद कोणाचा?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. ते दोन्ही राज्यांच्या वर उल्लेखिलेल्या महामंडळांच्या नावे असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर अशा आठ जिल्ह्यांचा समावेश आहे. निपाणीच्या कारागिराचा या नावावरील हक्क कोल्हापूरच्या कारागिराइतकाच आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तथापि दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली, जिल्ह्याचे नाव यादीत आले म्हणून प्रत्येक कारागिराला संरक्षण आपोआप मिळत नाही. त्याने स्वतः 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद करून घ्यावी लागते. दुसरी, हे मानांकन भारताच्या कायद्याखालचे आहे. परदेशात तसेच संरक्षण हवे असल्यास तेथील कायद्याप्रमाणे निराळी नोंद करावी लागते. प्राडाच्या प्रकरणात काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. मानांकनाचे नोंदणीकृत धारक ते नव्हेत, या मुद्द्यावर ती जुलै २०२५ मध्ये फेटाळण्यात आली. ज्याच्या नावे कागद, त्यालाच दाद मागता येते, हा त्यातील बोध आहे.

निर्यातीचे अन्य कागद वाटतात तितके अवघड नाहीत. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. त्याचे शुल्क ५०० रुपये असून तो क्रमांक अर्जदाराच्या पॅन क्रमांकाचाच असतो. मात्र दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती अद्ययावत करावी लागते, अन्यथा तो निष्क्रिय होतो. चर्म निर्यात परिषदेचे सदस्यत्व घेतल्यास परदेशी प्रदर्शनांची व खरेदीदारांची माहिती मिळते. वस्तू व सेवा कराखाली नोंद असलेल्या निर्यातदारास हमीपत्र देऊन कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. ज्यांचा माल अद्याप पेटीभरच आहे, त्यांच्यासाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. कंटेनर भरण्याइतका माल नाही, म्हणून निर्यात नाही, ही सबब आता उरलेली नाही.

पैसा येईपर्यंत

घरच्या पेठेत माल गेला की आठवडाभरात उधारीचा तगादा लावता येतो. परदेशी ग्राहकाकडे तगाद्याला जाता येत नाही. म्हणून नव्या उद्योगाने पहिल्या व्यवहारात काही रक्कम आगाऊ घ्यावी. मोठ्या व्यवहारात बँकेमार्फत पतपत्र मागावे. पतपत्रात लिहिलेली तारीख, संख्या व वर्णन यांत अक्षराचाही फरक पडल्यास बँक पैसे अडवू शकते; तेव्हा माल भरण्याइतकीच काळजी कागद भरताना घ्यावी. ग्राहकाने पैसे बुडवल्यास होणाऱ्या हानीचा विमा निर्यात पत हमी महामंडळ उतरवते. हे महामंडळ १९५७ पासून कार्यरत आहे. चामडे घेण्यासाठी लागणारे भांडवल मागणीपत्राच्या आधारे बँकेकडून माल रवाना होण्यापूर्वीच कर्जाऊ मिळू शकते. सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेतली, की दर ठरवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती जातो, हे वेगळे सांगावयास नको.

एकाच देशावर किंवा एकाच ग्राहकावर विसंबणे हे सर्वांत मोठे संकट होय. १९७० च्या दशकात पाश्चात्त्य तरुणांमध्ये कोल्हापुरीचे वेड पसरले होते. पुढे ती लाट ओसरली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय वस्तूंवरील शुल्क एकाएकी ५० टक्क्यांपर्यंत नेले. फॅशन आणि शुल्क या दोहोंवर गावच्या कारागिराचा ताबा नाही. घरची पेठ सांभाळून आणि दोन-तीन देशांत थोडा थोडा माल देऊन त्याला आपला तोल राखता येईल.

अथणीचा अनुभव

हे सारे एकट्याने करणे कठीण आहे. एकत्र येऊन ते साधते, याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय चर्म विकास कार्यक्रमाच्या व संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने अथणी येथील चर्मकार कुटुंबांत काम सुरू झाले. त्यातून स्त्रियांच्या बचत गटांच्या पायावर 'टोहोल्ड' ही कारागिरांची संस्था उभी राहिली. चपलेच्या कामात तळ कापणे व ठोकणे बहुधा पुरुष करतात. वेणी विणणे व वरच्या भागाची शिवण स्त्रिया करतात. तरीही पैसा व हिशेब स्त्रियांच्या हाती क्वचितच असे. गटांमुळे त्यांची बचत झाली, बँकेत खाती उघडली, मापे व नमुने ठरवण्यात आले, आणि माल स्वतःच्या नावाने परदेशी जाऊ लागला. कसब तेच, चामडे तेच, माणसे तीच. बदलली ती मांडणी.

निपाणी परिसराला तर आणखी एक सोय आहे. येथील एक कारागीर कर्नाटकात आणि त्याचा मेहुणा कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, अशी स्थिती घरोघर आढळते. एका राज्याच्या सहकारी कायद्याखाली अशा दोघांना एकत्र आणणे अवघड वाटते. परंतु बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम, २००२ अन्वये दोन राज्यांतील सभासदांची एक संस्था नोंदवता येते. उत्पादक कंपनीच्या कायद्यातही हस्तव्यवसायांचा समावेश आहे. मानांकन दोन्ही राज्यांचे संयुक्त आहे; मग संस्था संयुक्त का असू नये?

कोणी काय करावे?

ग्रामस्थांनी प्रथम आपल्या गावातील काम करणाऱ्या घरांची यादी करावी आणि पाच-सहा घरांचा गट बांधून एकच माप, एकच नमुना ठरवावा. पहिला माल देशातील दूरच्या शहरात पाठवून पाहावा. जो गट पुण्याला किंवा बंगळूरला शंभर सारखे जोड वेळेवर पोचवतो, तोच पुढे परदेशी टिकतो.

अधिकाऱ्यांनी योजनांची पत्रके वाटून थांबू नये. १९७८ पासून देशभर सुरू झालेल्या जिल्हा उद्योग केंद्रांचा हेतूच मुळी एका छताखाली सर्व साहाय्य देण्याचा होता. कारागिराला अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज त्याच्या गावी, त्याच्या भाषेत भरून मिळाला, तर त्या एका दिवसाचे काम अनेक मेळाव्यांपेक्षा मोलाचे ठरेल.

शिक्षकांचे कार्य याहून खोल आहे. या व्यवसायाला चिकटलेल्या सामाजिक हीनतेमुळे अनेक घरांतील मुले तो सोडू पाहतात, आणि त्यात त्यांना दोष देता येणार नाही. आजोबांच्या हातचे कसब आणि नातीच्या हातचे शिक्षण एकत्र आले, तरच हा उद्योग टिकेल. गणिताच्या तासाला मापांची उदाहरणे, विज्ञानात हिरड्याचे गुणधर्म आणि भूगोलात दोन गोलार्धांचे ऋतू शिकवताना गावच्या चपलेचा दाखला द्यावा. आपल्या आईची वेणी मिलानला पोचली, एवढे मुलीला कळणे पुरेसे नाही. ती कोणत्या दराने पोचली आणि पावतीवर कोणाचे नाव होते, हे तिला वाचता आले पाहिजे.

परदेशची बाजारपेठ मोठ्यांचीच असते, हा समज आता मागे पडला आहे. ती ज्याचे माप चुकत नाही, ज्याचा शब्द टळत नाही आणि ज्याचा कागद स्वतःच्या नावाचा आहे, त्याची असते. माप व शब्द या दोन गोष्टी आपल्या कारागिरांना नव्याने शिकवाव्या लागणार नाहीत; त्यांच्या घराण्यात त्या आहेतच. तिसरी गोष्ट त्यांच्या हाती देणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.